कोलायटिस आहे आणि कंबर धरली आहे, मग पेनकिलर घ्यायची की नाही?

साताऱ्याजवळच्या एका ताईंनी विचारलं आहे: "यजमानांना, वय ३८, सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मेसालामाइनच्या गोळ्यांवर दोन वर्षं सगळं शांत होतं. मागच्या महिन्यात कंबर फारच धरली म्हणून इथल्या डॉक्टरांनी झेरोडॉल-एसपी आणि सोबत पॅन-डी दिली. चौथ्या दिवशी शौचाला रक्त दिसलं, अजूनही अधूनमधून पडतं. आता ते इतके घाबरलेत की ताप आला तरी साधी क्रोसिन घ्यायला तयार नाहीत. हे त्या गोळीनेच झालं का? आणि उद्या परत दुखलं तर द्यायचं काय?"

ताई, पेनकिलरचं सगळं सविस्तर सांगतो, पण आधी रक्ताचं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच होत असेल आणि जोडीला ताप असेल, नाडी मिनिटाला ९० च्या वर पळत असेल किंवा पोट फुगून दुखत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. आजच त्यांना मोठ्या रुग्णालयात न्या. तेवढं नसेल, दोन-तीनदा थोडं रक्त पडत असेल, तरी एक-दोन दिवसांत तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. शौचाची तपासणी होऊ द्या, कारण साधा जंतुसंसर्ग, अमीबा आणि अँटिबायोटिकनंतर येणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे तिन्ही अगदी कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज, उसळल्यासारखेच दिसतात. घरात जुन्या चिठ्ठीवरच्या स्टिरॉइडच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या स्वतःहून सुरू करू नका. मेसालामाइन मात्र चालू ठेवा.

आता गोळीबद्दल. तिचा हात असण्याची शक्यता बरीच आहे, पण "गोळीनेच झालं" असं मी छातीठोक सांगणार नाही. आणि क्रोसिनची भीती अनाठायी आहे, ती आजच मनातून काढून टाका.

घोळ होतो तो नावांचा. मेडिकलमध्ये आपण "पेनकिलर" म्हणून जे मागतो त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक पॅरासिटामॉल, म्हणजे साधी क्रोसिन किंवा डोलो. ती ताप उतरवते, दुखणं कमी करते, पण सूज फारशी उतरवत नाही आणि आतड्याच्या अस्तराला सहसा हात लावत नाही. दुसरी जात सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, केटोरोलॅक, इंडोमेथासिन. तुमचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे. अडचण अशी की आपल्या बाजारात दोन्ही जाती एकाच गोळीत कोंबलेल्या असतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असतं. झेरोडॉल-एसपीमध्ये असेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज अशी तीन औषधं असतात, त्यातलं असेक्लोफेनॅक म्हणजे डायक्लोफेनॅकचा सख्खा भाऊ. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी असलेल्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. म्हणून कोलायटिस किंवा त्याचाच भाऊबंद असलेल्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या माणसाने गोळीचं नाव पाहून भागत नाही, पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी लागते.

मला रुग्ण नेहमी विचारतात, "डॉक्टर, माझ्या आतड्याला सूज आहे आणि ही गोळी सूज उतरवणारी आहे, मग उलटं कसं होतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. त्या कामाला १९८२ सालचं नोबेल मिळालं. गुडघ्यात किंवा कंबरेत प्रोस्टाग्लँडिन दुखणं आणि सूज वाढवतं, म्हणून ते अडवलं की आराम पडतो. पण पोटात आणि आतड्यात हेच रसायन राखणदाराचं काम करतं. अस्तरावरचा बुळबुळीत थर तयार करणं, तिथला रक्तपुरवठा नीट ठेवणं, ओरखडा पडला की नव्या पेशींनी तो भरून काढणं ही त्याची कामं. कोलायटिसची आग पेटवतात ती दुसरीच रसायनं, टीएनएफ आणि इंटरल्युकिन वगैरे, आणि त्यांच्यावर या गोळ्यांचा जोर चालत नाही. म्हणजे गोळी आग विझवत नाही, उलट आगीशेजारी उभ्या असलेल्या राखणदाराला घरी पाठवते.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. ही औषधं आणखी एका वाटेनेही त्रास देतात. डायक्लोफेनॅकसारखी औषधं रक्तातून यकृतात जातात, तिथून पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतात. आतड्यातले जंतू त्यांची जोडणी तोडून मूळ औषध मोकळं करतात आणि ते अस्तराला परत लागतं. एकाच गोळीची अशी फेरी पुन्हा पुन्हा होते. अस्तराच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा त्याने बिघडते, पेशींमधल्या फटी सैल होतात, आतल्या जंतूंना भिंतीत शिरायला वाट मिळते. निरोगी माणसाचं आतडं हे बहुतेक वेळा निभावून नेतं. ज्याच्या आतड्यात जंतूंशी भांडण आधीच चालू आहे, त्याला ते महागात पडू शकतं. इंजेक्शन घेतलं किंवा गुदद्वारातून औषध दिलं म्हणून सुटका होत नाही, कारण औषध शेवटी रक्तातच जातं.

पॅन-डीबद्दल मुद्दाम सांगतो. पेनकिलरसोबत पॅन-डी किंवा पॅन-४० लिहिणं ही आपल्याकडची रीतच झाली आहे. जठराच्या व्रणासाठी तिचा उपयोग नक्की आहे. पण आम्ल तयार होतं जठरात. त्याच्या पुढच्या सहा-सात मीटर लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याला त्या गोळीचं काही कवच मिळत नाही. २००५ साली ४० निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक दिलं गेलं, सोबत ओमेप्राझोलही होतं. आधी आणि नंतर कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देऊन लहान आतडं पाहिलं, तर ६८ टक्के जणांच्या आतड्यावर नवे ओरखडे किंवा व्रण होते. ही धडधाकट माणसं होती आणि बहुतेकांना काही त्रासही जाणवला नव्हता. "जेवल्यावर घेतली", "पॅन-डी घेतली", "वरून आवरण असलेली घेतली" ही तिन्ही समाधानं जठरापुरती आहेत.

आता मुख्य गोष्ट: आजार शांत असलेल्या माणसाने अशी गोळी घेतली तर तो उसळतोच का? मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं काम केन ताकेउची आणि इंगवार ब्यार्नासन यांच्या गटाचं, २००६ सालचं. कोलायटिस किंवा क्रोन्स शांत असलेल्या रुग्णांना त्यांनी वेगवेगळ्या गोळ्या देऊन पाहिल्या. नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन यांसारख्या गोळ्यांवर १७ ते २८ टक्के जणांचा आजार नऊ दिवसांच्या आत उसळला. पॅरासिटामॉल, निमेसुलाइड आणि कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी एकाचाही तसा लगेच उसळला नाही. प्रत्येक गोळीचा गट लहान होता, त्यामुळे आकड्यांना फार चिकटून बसू नये. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्यांना त्रास होतो त्यांना तो लवकर होतो, आठवडा-दीड आठवड्यात. आणि दर चारांपैकी जवळजवळ तीन जणांना, किंवा त्याहून जास्त जणांना, काहीच झालं नाही. तुमच्या यजमानांचा चौथा दिवस या चौकटीत बसतो, म्हणूनच वर "शक्यता बरीच" असं म्हणालो.

मग छातीठोक का नाही? कारण या प्रश्नाला एक उलटी बाजू आहे. कोलायटिस उसळायच्या आधी काही दिवस कित्येकांचे सांधे धरतात, अंग मोडून येतं, कणकण वाटते. माणूस तेव्हा गोळी घेतो. चार दिवसांनी रक्त दिसतं आणि दोष गोळीवर जातो, पण आजार तर गोळीच्या आधीच निघालेला होता. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा २०२२ सालचा मोठा अभ्यास हेच सांगतो. सुमारे ३५ हजार रुग्ण होते. नुसती तुलना केली तर पेनकिलर घेणाऱ्यांमध्ये आजार उसळण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पण त्याच माणसाचे गोळी घेतलेले आणि न घेतलेले दिवस एकमेकांशी ताडून पाहिले तेव्हा तो फरक उरला नाही. आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज २०१८ मध्ये झाली होती, तिच्यातही ठाम संबंध निघाला नाही. आणखी एका अमेरिकी पाहणीत महिन्यातून पाच किंवा जास्त वेळा या गोळ्या घेणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांना पुढे त्रास जास्त झाला, कोलायटिसवाल्यांना नाही. त्या पाहणीत पॅरासिटामॉल घेणारे क्रोन्सचे रुग्णही तसेच निघाले! म्हणजे बऱ्याच वेळा गोळी ही येणाऱ्या आजाराची चाहूल असते.

वीस वर्षं हे रुग्ण पाहून माझं मत असं झालं आहे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हजारोंच्या सरासरीत परिणाम पुसट होतो, कारण बहुतेकांना गोळी सोसते. पण मोजके जण असे असतात की त्यांना दर वेळी, आठवड्याच्या आत, त्याच गोळीने त्रास होतो. तीन-तीनदा तसं झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. तो कोण, हे आधी ओळखायची कुठलीही तपासणी माझ्याकडे नाही. म्हणून ज्याला एकदा असं झालं त्याला मी ही जात कायमची बंद सांगतो. तुमचे यजमान आज माझ्याकडे आले असते तर त्यांच्या फाइलवर मी तेच लिहिलं असतं. ज्याने मात्र दाढ काढल्यावर दोन दिवस कॉम्बिफ्लाम घेतली आणि काही झालं नाही, त्याने आता धास्तावून बसायचं कारण नाही. आणि ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांच्यावर चिडू नका. कंबरदुखीला ही गोळी देणं सर्वसाधारण माणसासाठी चूक नव्हे. कोलायटिस आहे हे त्यांना सांगितलं होतं का, एवढं मात्र आठवून पाहा.

आणखी एक विचारतो, रागावू नका. यजमान मेसालामाइन रोज घेत होते का? दोन वर्षं शांत गेली की बहुतेकांच्या गोळ्या चारच्या दोन होतात, मग कधीतरी एक. २००३ सालच्या एका अभ्यासात गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा आजार शांत राहिला, न घेणाऱ्यांपैकी फक्त ३९ टक्क्यांचा. माझ्याकडे रक्त पडतंय म्हणून येणाऱ्यांमध्ये पेनकिलरपेक्षा हे कारण कितीतरी वेळा सापडतं. घरी शांतपणे विचारून बघा.

मेसालामाइनचा विषय निघाला आहे तर एक शंका आधीच दूर करतो. ते सॅलिसिलेट कुळातलं आहे, अ‍ॅस्पिरिनचं नातेवाईकच, त्यामुळे कुठेतरी वाचून लोक घाबरतात. ते पेनकिलरसारखं वागत नाही. ते मुख्यतः आतड्याच्या आतल्या बाजूला, अस्तरावरच काम करतं. त्याचं मूळ औषध सल्फासालाझिन स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणलं तेच मुळी संधिवातासाठी. कोलायटिसही त्याने शांत होतो हे पुढे कळलं. आजही ज्याचे गुडघे-घोटे आणि आतडं दोन्ही बिघडलेलं आहे त्याला मेसालामाइनऐवजी सल्फासालाझिन दिलं की एका गोळीत दोन कामं होतात. कंबरेच्या मणक्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. मेसालामाइन न सोसणारे, त्यानेच जुलाब वाढणारे लोक असतात, पण अगदी थोडे, आणि ते औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांतच कळून येतं. दोन वर्षांनी नाही.

आता कंबरेकडे येऊ. मला या सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. कोलायटिसच्या माणसाची कंबर दुखते तेव्हा "कुठली गोळी" हा दुसरा प्रश्न, "का दुखते" हा पहिला. वजन उचलून, बाईकवर खड्ड्यांतून फिरून दुखणारी कंबर दुपारी-संध्याकाळी वाढते आणि आडवं झाल्यावर बरी वाटते. आतड्याच्या आजाराशी नातं असलेली कंबर याच्या बरोबर उलट. पहाटे तीन-चारला जाग आणते, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास माणूस लाकडासारखा ताठ असतो आणि चालायला-फिरायला लागल्यावर हळूहळू मोकळा होतो. सुरुवात बहुतेक वेळा चाळिशीच्या आत. यजमान ३८ वर्षांचे आहेत, म्हणून हे सांगतो आहे. असं दुखणं असेल तर माकडहाडाजवळच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय करून संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. आतडं शांत असलं तरी हा मणक्याचा आजार आपल्या गतीने पुढे जात राहतो. मोठ्या सांध्यांचं, म्हणजे गुडघा-घोट्याचं दुखणं बहुधा आतड्याच्या तालावर चालतं. आतड्यावर नीट उपचार झाले की तेही बसतं.

मणक्याचा आजार निघालाच तर खरी पंचाईत होते, कारण त्या आजाराचं पहिलं औषध म्हणजे नेमक्या याच पेनकिलर. अशा वेळी पोटाचे आणि सांध्यांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. अडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही इंजेक्शनं दोन्ही आजारांवर चालतात. टोफासिटिनिबच्या गोळ्याही कोलायटिस आणि मणक्याचा दाह दोन्हींवर वापरतात, आणि आपल्याकडे त्या आता बऱ्याच स्वस्त मिळतात, मात्र क्षयाची तपासणी केल्याशिवाय यातलं काहीही सुरू करायचं नाही. सांध्यांना दिलं जाणारं इटानरसेप्ट आतड्याला उपयोगी नाही, आणि सेक्युकिनुमॅबने आतड्याचा आजार बिघडू शकतो. म्हणून कोलायटिस आहे हे सांध्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.

आणखी एक दुखणं मी कधीही गोळी देऊन परत पाठवत नाही: स्टिरॉइड घेतलेल्या माणसाची जांघ किंवा खुबा दुखणं. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडमुळे खुब्यातल्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. महिनोन्‌महिने पेनकिलर खाऊन दुखणं दाबलं तर खुबा बदलायची वेळ येते, तीही तिशीत. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होऊन मणका दबल्यामुळेही कंबर दुखते. यजमानांनी या सहा वर्षांत किती वेळा आणि किती दिवस स्टिरॉइड घेतलं, हे लिहून काढा.

"उद्या दुखलं तर काय?" याचं उत्तर आता देता येईल. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, दाढदुखी: पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांनी, दिवसाची बेरीज तीन ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरायचं. स्नायू किंवा गुडघा दुखत असेल तर डायक्लोफेनॅकचं मलम चोळायला माझी हरकत नसते. गोळीतून जितकं औषध रक्तात जातं त्याच्या सहा टक्क्यांच्या आसपासच मलमातून जातं. ज्याला गोळीने रक्त पडलं आहे त्याने मात्र मलमही सुरुवातीला थोडंच लावून बघावं. शेक, व्यायाम आणि फिजिओथेरपी यांना लोक दुय्यम समजतात. मणक्याच्या दाहात रोजचा व्यायाम हा उपचारच आहे.

पॅरासिटामॉलने भागलंच नाही तर सेलिकॉक्सिब किंवा एटोरिकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्याच, पण पोटाला सौम्य मानलेल्या गोळ्या, त्याही आतडं शांत असताना आणि थोडेच दिवस. सेलिकॉक्सिब २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं १४ दिवस देऊन कोलायटिस शांत असलेल्या २२२ जणांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांचा आजार उसळला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांचा, म्हणजे फरक नाही. एटोरिकॉक्सिबची तीन महिन्यांची एक लहान चाचणीही तसंच सांगते. पण आजार भडकलेला असताना या गोळ्या कशा वागतील याची खात्री त्या चाचण्या देत नाहीत, आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी त्या धोक्याच्या आहेत. म्हणून यजमानांना आत्ता, रक्त पडत असताना, त्याही नकोत. निमेसुलाइड वर सांगितलेल्या अभ्यासात आतड्याला सोसलं खरं, पण यकृताच्या धोक्यामुळे मी ते लिहीत नाही.

ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या काही जण "आतड्याला सुरक्षित" म्हणून देतात. एखाद-दुसरा दिवस ठीक. रोजच्या झाल्या की आतड्याची हालचाल मंदावते, सवय लागते, आणि कोलायटिस तीव्र असताना मोठं आतडं फुगण्याची भीती असते. त्या वेळी पोटातली कळ थांबवणाऱ्या डायसायक्लोमिनसारख्या गोळ्याही नकोत. मेफ्टाल-स्पास इथे दोन्ही बाजूंनी अडचणीची, कारण तिच्यात डायसायक्लोमिनही आहे. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने तर कोलायटिस नसलेल्यांनाही जुलाब होतात. पाळीच्या वेळी दर महिन्याला कोलायटिस वाढतो असं सांगणाऱ्या मुलींना मी आधी त्या दिवसांत कुठली गोळी घेतात ते विचारतो. पाळीत आतडं थोडं हलतंच, पण काहींच्या बाबतीत गोळी बदलल्यावर अर्धा त्रास गेलेला आहे.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची इकोस्प्रिन, म्हणजे कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, चालू असेल तर आतड्याच्या भीतीने ती स्वतःहून बंद करू नका. स्टेंट घातलेल्या माणसाने तसं करणं जिवावर बेतू शकतं, आणि एवढ्या मात्रेने कोलायटिस उसळतो असं दिसलेलं नाही. पावसाळ्यात ताप आला आणि डेंगीची शंका असली तर पॅरासिटामॉलशिवाय काहीही नको, हा नियम सगळ्यांनाच आहे. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि तिथे लोक पेनकिलर चण्यासारख्या खातात. कोलायटिसच्या माणसाने त्या वेळी डॉक्टर गाठावा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर नकोच, तसल्या पुड्यांत स्टिरॉइड आणि पेनकिलर मिसळलेली सापडली आहेत. आणि जुलाब होऊन पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडालाही इजा होते, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पेनकिलर घेतली आहे हे डॉक्टरांना सांगणं का महत्त्वाचं, हे मी माझ्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आल्या. पोटात कळा, अंगात रक्त कमी, दुर्बिणीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण. आपल्याकडे अशा जागी व्रण दिसले की क्षय की क्रोन्स हा झगडा ठरलेला. तुकड्याच्या तपासणीत काहीच नक्की आलं नाही आणि मी क्षयाची औषधं सुरू केली. "दुसरं काही औषध घेता का?" असं विचारलं होतं, त्या "नाही" म्हणाल्या होत्या. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीने सहज सांगितलं की आई गुडघ्यांसाठी चार वर्षं रोज डायक्लोफेनॅक घेते. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, चहासारखी सवय होती. क्षयाची औषधं थांबवली, ती गोळी बंद केली, काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर व्रण भरलेले होते. त्या बाईंनी दोन महिने विनाकारण कडक औषधं सोसली याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी "औषध घेता का" असं विचारत नाही. "अंग दुखलं की काय घेता?" असं विचारतो, मग पर्समधून पाकीट निघतं.

तपासणीचंही तसंच. शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनचा, म्हणजे आतड्याची सूज दाखवणाऱ्या प्रथिनाचा, आकडा पाहून आम्ही औषधं वाढवतो. या गोळ्यांनी तो आकडा निरोगी माणसातही वाढतो. म्हणून यजमानांची तपासणी होईल तेव्हा झेरोडॉल किती दिवस घेतली आणि शेवटची गोळी कधी, हे डॉक्टरांना सांगा. प्रकृती स्थिर असेल तर गोळी बंद करून दोन आठवडे जाऊ देऊन केलेली तपासणी जास्त भरवशाची. रक्त वाढत असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

यजमानांचा कोलायटिस मुळात पेनकिलरने झाला का, असंही तुमच्या मनात असेल. अमेरिकेतल्या ७६,७९५ परिचारिकांच्या पाहणीत महिन्याला १५ किंवा जास्त दिवस या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये कोलायटिस आणि क्रोन्स दोन्हींचं प्रमाण जास्त दिसलं, पण प्रत्यक्षात तो फरक वर्षाला लाखामागे सहा-सात जणींचा. कधीमधी घेतलेल्या गोळीने हा आजार जडत नाही. त्याचा विचार करून स्वतःला दोष देत बसू नका.

आता पुढचे सात दिवस एक काम करा. घड्याळ लावून, सकाळी अंथरुणातून उठल्यापासून यजमानांची कंबर मोकळी व्हायला किती मिनिटं लागतात ते रोज वहीत लिहा. दिवसातून किती वेळा रक्त पडलं तेही शेजारी लिहा, आणि झेरोडॉलचं रिकामं पाकीट टाकलं नसेल तर वहीत ठेवा. डॉक्टरांची वेळ आधी मिळाली तर तोवर झालेल्या नोंदी घेऊन जा, सात दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका.